फळ्यावरचे तीन आठवडे

गिरिधररावांना बातम्या लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, संपतच्या कापडदुकानाच्या भिंतीवर, मंडळाच्या पोरांनी एका गणपतीत काळा फळा ठोकला. वर पांढऱ्या रंगात ‘वार्ताफलक’ असं लिहिलं, पंधरा दिवस त्यावर हौसेनं काहीबाही खरडलं आणि मग पोरं आपापल्या उद्योगाला लागली. पुढे दोन महिने फळ्यावर एकच बातमी होती, महाप्रसादाची. रोज दूध आणायला जाताना गिरिधरराव ती वाचायचे आणि त्यांच्या जिवाला लागायचं. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. शिळा मजकूर असा उघड्यावर मांडलेला त्यांना बघवेना. शेवटी एका पहाटे त्यांनी ओल्या रुमालानं महाप्रसाद पुसला आणि लिहिलं, ‘उद्या सकाळी नळाला पाणी येणार आहे.’

त्याला आता सहा वर्षं झाली होती.

हे आपण लिहितो ते कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती. साडेपाचला, रस्ता झाडणाऱ्या बाया यायच्या आधी, ते खिशात खडू घालून निघायचे आणि सहाला घरी येऊन, आत्ताच अंथरुणातून उठल्यासारखा चेहरा करून पेपर उघडून बसायचे. गल्लीला सगळं माहीत होतं. पण माणूस पडला भिडस्त. कुणी तोंडावर विषय काढला तर लिहिणंच सोडून देईल, म्हणून गल्लीनं आपली एक रीत पाडून घेतली होती. ज्याला काही फळ्यावर यायला हवं असेल त्यानं संध्याकाळी गिरिधररावांच्या खिडकीखाली उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी ते मोठ्यानं सांगायचं. समोरच्या दुर्गाबाई तर ऐकायला कुणी नसलं तरी सांगत. सुनेला मुलगी झाली, तीन किलोची आहे, हे त्यांनी विजेच्या खांबाला ठणकावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तीन किलोसकट ती बातमी फळ्यावर आली.

फळ्याची एक खोड मात्र होती. चांगला आकडा जसाच्या तसा यायचा, वाईट आकडा निम्मा होऊन यायचा. मोकाट कुत्रं चार जणांना चावलं, की फळ्यावर ‘दोघांना’. दिवसभर दिवे गेले, की ‘काही वेळ’. खोटं लिहावं असा गिरिधररावांचा हेतू नसे. पण हात वर केला की मनात एकेक शंका उभी राहायची. आपण स्वतः मोजलंय का? सांगणाऱ्यानं वाढवून सांगितलं असेल तर? वाचून कुणाला वाईट वाटलं तर? आणि एवढं ठामपणे लिहिणारे आपण कोण? तोवर खडू आपोआप खालच्या आकड्यावर येऊन टेकलेला असायचा. संपत कापड मोजता मोजता गिऱ्हाइकांना सांगायचा, ‘फळ्यावर वाईट काही असलं की दुप्पट धरायचं. हिसाब बराबर बसतो.’ आणि सगळी गल्ली तसं धरायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते निखिलमुळे.

निखिल हा गिरिधररावांचा एकुलता एक मुलगा. बियाण्याच्या एका कंपनीत नोकरीला होता. कंपनीचं मुख्य कार्यालय जालन्यातच, घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. पण निखिलची नेमणूक होती टेंभुर्णीच्या छोट्या ऑफिसात. सकाळी सातला घर सोडायचं, रात्री साडेआठला परत यायचं. त्याची पाच वर्षांची मुलगी भार्गवी सकाळी तो जायचा तेव्हा झोपेत असायची आणि रात्री यायचा तेव्हाही. तिचा दुधाचा पहिला दात पडला ती बातमी निखिलला फोनवर कळली. रविवारी ती त्याच्याशी जरा पाहुण्यांशी बोलतात तशी बोलायची, हे त्याच्या बायकोनं, मधुवंतीनं, एकदा हसत सांगितलं होतं. पण सांगून झाल्यावर ती उठून आत गेली होती.

बदल्यांची यादी वर्षातून एकदाच निघायची, नोव्हेंबरअखेरीस. यंदा मुख्य कार्यालयात एक जागा रिकामी होती आणि निखिलचा नंबर लागण्यासारखा होता. घरात दिवाळीपासून तेवढा एकच विषय होता.

दुसरा असलाच तर टेंभुर्णीचं ऑफिस. रात्रीच्या जेवणाला निखिल ताटावर बसला की ते ऑफिस घरात यायचं. तिथल्या साहेब सुमेधा मॅडम, कुणाची खुर्ची मोडली, हरभरा उगवला नाही म्हणून पिशवी घेऊन येणारे शेतकरी आणि त्यांची कारणं. तो वैतागून सांगायचा आणि बाकीचे तिघं चवीनं ऐकायचे. ताराबाई, म्हणजे गिरिधररावांची बायको, तर टीव्ही बंद करून ऐकायच्या. एके रात्री त्यानं सांगितलं, की ऑफिसातला एकुलता एक प्रिंटर बंद पडून सहा आठवडे झाले. प्रत्येक तक्रारीचा अर्ज आणि त्याच्या दोन नकला कार्बन घालून हातानं लिहाव्या लागतात. त्याच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता, तो त्यानं आईला दाखवला. मॅडमनी मुख्य कार्यालयाला पत्र पाठवलं होतं. कंपनीचा नियम असा, की मशीन चाळीस दिवसांच्या वर बंद राहिलं तर नवं मिळतं, त्याच्या आत असेल तर दुरुस्तीवाल्याची वाट बघायची. चाळीस उलटले होते, म्हणजे आता नवं येणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरिधररावांकडे बातमीच नव्हती. गल्लीत कुणी जन्मलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, पाणीही दोन दिवसांवर होतं. फळ्यासमोर उभं राहून त्यांना निखिलचं बोट आठवलं. त्यांनी लिहिलं, ‘टेंभुर्णी येथील एका कार्यालयात प्रिंटर बंद असल्याने कर्मचारी हाताने अर्ज लिहीत आहेत. गेले...’ इथे खडू थांबला. सहा आठवडे म्हणजे फारच. कंपनीची बदनामी व्हायची. त्यांनी लिहिलं, ‘तीन आठवडे.’ आणि घरी येऊन पेपर उघडला.

चार दिवसांनी निखिल जेवायला बसला आणि काहीच बोलला नाही. ताराबाईंनी टीव्ही बंद केला होता, तो त्यांनी थोड्या वेळानं पुन्हा लावला. मधुवंतीनं दोनदा विचारल्यावर मग सगळं बाहेर आलं. मॅडमचं पत्र नामंजूर झालं होतं. मुख्य कार्यालयाच्या खरेदी विभागातले कल्याणराव गेल्या वर्षी अंबडहून जालन्यात आले आणि यांच्याच शेजारच्या गल्लीत राहायला लागले. ऑफिसला जाताना रोज स्कूटर थांबवून फळा वाचायचे. माणूस नवा, गल्लीची दुप्पट धरायची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्यांनी फळ्याचा फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. तुमच्या पत्रात बेचाळीस दिवस आणि तुमच्याच कर्मचाऱ्याच्या गल्लीत एकवीस, तेव्हा आधी दुरुस्तीवाला येऊन बघेल. दुरुस्तीवाला येणार होता डिसेंबरात.

आणि निखिलचा बदलीचा अर्ज त्याच प्रिंटरमध्ये अडकला होता. अर्ज मॅडमच्या शिफारशीसह छापील जायला हवा, तोही ऑफिसच्याच मशीनवरून. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात छापलेला कागद मुख्य कार्यालय घेत नसे. यादीला दहा दिवस उरले होते.

गिरिधररावांच्या हातातला घास हातातच राहिला. मुलगा त्यांना एका शब्दानं बोलला नाही, हे त्यांना जास्त लागलं. बोलल्या त्या ताराबाई. ‘सहाचे तीन कसे केले तुम्ही? मी आठवड्यात उपमा किती वेळा केला ते मात्र बराबर मोजता.’

गिरिधरराव ताट तसंच ठेवून बाहेरच्या खोलीत जाऊन पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले. एरवी मन लागत नसलं की ते एखादं पुस्तक काढून मधूनच वाचायला लागायचे. आज एकाही पुस्तकाला हात लावावासा वाटेना. आयुष्यभर दुसऱ्यांनी छापलेलं जपलं, आणि स्वतः चार ओळी लिहिल्या तर त्यानं मुलाचं वर्ष वाया चाललं. फळा पुसून टाकावा आणि पुन्हा तिकडे फिरकू नये, असं त्यांनी ठरवलं. मग लक्षात आलं, की पुसून काही होणार नव्हतं. फोटो कल्याणरावांच्या फोनमध्ये होता.

सकाळी निखिल गेल्यावर दोन तासांनी, घरात ‘जरा जाऊन येतो’ एवढंच सांगून, ते टेंभुर्णीवरून जाणाऱ्या जाफराबादच्या गाडीत बसले. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर हरभऱ्याची हिरवी शेतं मागे पळत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते एक वाक्य पाठ करत होते. ‘मी निखिलचा वडील, चूक माझी आहे, त्याची नाही, शिक्षा त्याला देऊ नये.’ शिक्षा हा शब्द जास्त होतोय असं वाटून त्यांनी तो काढला. मग वाक्य लंगडं वाटलं म्हणून परत घातला. टेंभुर्णी येईपर्यंत तो शब्द सात-आठ वेळा आत-बाहेर झाला.

ऑफिस बाजाराच्या रस्त्यावर, एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. निखिल शेतावर पाहणीला गेला होता. बाकावर काकासाहेब नावाचे एक शेतकरी बियाण्याची रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, ‘तुमचाबी हरभराच का?’ गिरिधरराव म्हणाले, माझा मुलगा. काकासाहेबांनी समजल्यासारखी मान हलवली.

सुमेधा मॅडम पंचेचाळिशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. गिरिधरराव दारात उभे राहिले आणि पाठ केलेलं वाक्य जे गेलं ते गेलंच. नुसतं नाव सांगता आलं.

‘निखिलचे बाबा? म्हंजे फळ्यावाले तुम्हीच.’ त्यांनी खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास ठेवला. ‘आज घरी उपमा न्हाई ना झाला?’

गिरिधररावांना आधी कळेनाच. मग मॅडमनीच उलगडून सांगितलं. दुपारी डबे उघडले की इथे निखिल घरच्या गोष्टी सांगायचा. ताराकाकूंचा उपमा, दुर्गाबाई आणि विजेचा खांब, पहाटेची खडूची चोरटी फेरी, सहाला परत येऊन उघडायचा पेपर. त्याच्या बोलण्यात वैतागच जास्त असायचा, पण सगळं ऑफिस हसून हसून जेवायचं. एखाद्या दिवशी तो नसला तर जेवण लवकर उरकायचं.

गिरिधररावांना एकदम कानशिलं तापल्यासारखं झालं. म्हणजे निखिलला कालच नाही, पहिल्यापासून माहीत होतं. दुर्गाबाईंना माहीत होतं. टेंभुर्णीला माहीत होतं. सहा वर्षं आपण ज्याला गुपित म्हणत होतो ते आपल्या एकट्यापासूनच काय ते लपून राहिलं होतं. त्यांना शरमायला हवं होतं, आणि ते शरमलेही. पण त्याच वेळी आत कुठे तरी गुदगुल्या झाल्यासारखं होत होतं. घरी रोज ज्या ऑफिसाची वाट बघायची, ते ऑफिस रोज आपली वाट बघत होतं.

‘मॅडम, चूक माझी आहे,’ ते कसंबसं म्हणाले. ‘मी फळ्यावर लिहायला नको होतं.’

‘लिहिलं त्याचा राग न्हाई मला, काका. कमी लिहिलं त्याचा आहे. या इकडं.’

त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरचा टॉवेल बाजूला केला. खाली प्रिंटर होता. त्याच्या कपाळाला, म्हणजे जिथून कागद आत जातो तिथे, हळदीकुंकवाचं बोट होतं आणि गळ्यात झेंडूचा हार, पार काळपट होऊन वाळलेला. दसऱ्याला मशीन म्हणून त्याची पूजा केली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली. पूजेचा हार कुणी काढायचा यावर कुणाचं एकमत झालं नाही, म्हणून तो तसाच होता.

‘मोजा,’ मॅडम म्हणाल्या.

गिरिधररावांनी बोटांवर दसरा, मग कोजागिरी, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न असे टप्पे घेत मोजलं. सहा आठवडे होऊन सातवा लागला होता. एवढं साधं होतं. हे त्यांना घरी बसूनही मोजता आलं असतं. निखिल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच कुरकुर करत होता.

‘मी पत्रात लिहून राह्यले, फोनवर सांगून राह्यले, माझ्यावर कुणाचा भरोसा न्हाई,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुमच्या फळ्यावर आहे. मंग आता फळ्यावरच बराबर लिहा. आणि खाली नाव टाका. बिननावाचं कल्याणराव मानणार न्हाईत. फळ्यावरचा आकडा कुणीही बदलून जाईल, असं म्हणतील. मशीन आलं की निखिलचा अर्ज पहिला काढते, शब्द देते.’

नाव टाकायचं म्हटल्यावर गिरिधररावांनी एकदा दाराकडे बघितलं. पण ते हो म्हणाले. निघताना काकासाहेबांनी बाकावरून विचारलं, ‘झालं का काम?’ आणि ते म्हणाले, पहाटे होईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी फळा कोरडा पुसला, मग ओला पुसला, मग पुन्हा कोरडा. आणि लिहिलं, ‘टेंभुर्णी येथील प्रिंटर तीन आठवडे बंद असल्याचे येथे लिहिले होते. ते चुकीचे होते. तेव्हाच सहा आठवडे झाले होते, आता सातवा चालू आहे.’ खाली जागा उरली होती. हात एकदा खरं लिहायला लागला तो थांबेना. कुत्रं चावलेले दोघं नव्हते, चार होते, अशी त्यांनी वेगळी ओळ लिहिली. गेल्या महिन्यातले दिवे, पावसाळ्यात पडलेल्या दोन भिंती, पोरांच्या भांडणात फुटलेल्या काचा, आठवेल ते सगळं बरोबर आकड्यानिशी मांडलं. शेवटी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘गिरिधर’. थोडा वेळ बघितलं आणि तेच पुसून जरा मोठं लिहिलं.

त्या दिवशी ते घरी जाऊन पेपर उघडून बसले नाहीत. म्हणजे सहाला गेले, चहा घेतला, पण नऊला पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आले. फळ्यासमोर एरवी चार माणसं असायची, आज पंधरा होती. संपत दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं वाचत होता. त्यांना बघून त्यानं मान लववली आणि लोकांना नेहमीच्या सवयीनं सांगून टाकलं, ‘सहा लिहिलंय, म्हंजे बारा धरा.’

नेमकी तेव्हाच स्कूटर थांबली. कल्याणराव हेल्मेट काढत म्हणाले, ‘बारा?’

संपतनं त्यांना गल्लीची रीत समजावून सांगितली. वाईट आकडा दुप्पट धरायचा, सहा वर्षं चालू आहे, कधी चूक नाही. हे सगळं गिरिधररावांच्या देखत, त्यांच्यापासून चार हातांवर. कल्याणराव ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा पडत गेला. म्हणजे आपण वर्षभर फळा अर्धाच वाचत होतो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी फोन काढला, फळ्यावर धरला, पुन्हा खाली घेतला.

‘मंग मी फाइलला काय लावू?’ ते म्हणाले. ‘सहा का बारा? बारा म्हणलं तर प्रिंटर दसऱ्याच्या आधीच बंद पडला असं होतंय.’

पंधराच्या पंधरा माणसं गिरिधररावांकडे वळली. पळून जायला मागे गल्ली मोकळी होती. त्यांना क्षणभर वाटलं, पाच म्हणावं, कुणाला लागायला नको. मग त्यांच्या डोळ्यांसमोर मुलाचं ताट आलं, त्याचं न बोलणं आलं.

‘सहा,’ ते म्हणाले. आवाज त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच मोठा निघाला. ‘सहा म्हणजे सहाच. फळ्यावर जे असेल तेच आता. कुणी दुप्पट धरायचं नाही, निम्मं धरायचं नाही. नाव खाली माझं आहे, विचारायचं असेल तर मला विचारा. घरीच असतो मी.’

संपतनं पायरीवरून उतरून खांद्यावरची मोजपट्टी नीट केली. दुर्गाबाई दारातून हळू म्हणाल्या, ‘बोलतात की चांगलं.’ या वेळी त्या खांबाकडे बघत नव्हत्या. कल्याणरावांनी फोटो काढला, नावासकट आला की नाही ते मोठं करून बघितलं आणि म्हणाले, काका, हे आधी सांगितलं असतं तर माझं एक पत्र लिहायचं वाचलं असतं. पण ते हसत होते.

नवा प्रिंटर शनिवारी कंपनीच्या जीपमधून टेंभुर्णीला गेला. पहिला कागद मशीननं स्वतःची चाचणी म्हणून काढला, दुसरा वाकडा आला, तिसरा निखिलचा अर्ज. निखिलनं हे रात्री सविस्तर सांगितलं आणि ताराबाईंनी टीव्ही पूर्ण वेळ बंद ठेवला. महिनाअखेरीस यादी आली. निखिलचं नाव नवव्या क्रमांकावर होतं, पुढे ‘मुख्य कार्यालय, जालना’. मॅडमनी निरोप म्हणून ऑफिसात सगळ्यांसाठी उपमा मागवला आणि त्याचा फोटो ताराकाकूंना पाठवला. ताराबाईंनी तो निरखून बघितला आणि रवा कमी भाजलाय असा निकाल दिला.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी निखिल सव्वासहाला घरी आला. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. कुणाला काय करावं सुचेना, म्हणून सगळे साडेसातलाच जेवायला बसले. ताराबाईंनी सवयीनं विचारलं, काय झालं आज ऑफिसात? निखिल आठवायला लागला. मुख्य कार्यालयात प्रिंटर चार होते आणि चारही चालू होते. सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

‘मी सांगू का?’ भार्गवी म्हणाली.

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. शाळेतल्या मीना मॅडम कशा एकाच मुलीला रोज घंटा वाजवायला देतात, रिक्षात खिडकीशी बसायचा नंबर कुणाचा होता आणि कोण बसलं, डब्यातली चटणी कुणाच्या वहीवर सांडली आणि ती वही मुळात कुणी उघडी ठेवली होती. दात दाखवत, हातवारे करत, मधेच पाणी पिऊन ती पाऊण तास सांगत होती. निखिलनं दोनदा मधे बोलायचा प्रयत्न केला तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं. मधुवंतीनं त्याच्या ताटात भात वाढला, तो निवून गेला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. घंटेवर तो बराच वेळ अडून राहिला होता.

‘पण मंग तू मॅडमना सांगितलं का न्हाई, की माझा नंबर कधी?’ त्यानं विचारलं.

‘सांगितलं ना, बाबा,’ भार्गवी म्हणाली. ‘ऐक तर पुढं.’